ग्नूकॅश: लिलावाचे पैसे नेमके कोणाचे, हे सांगणारी खतावणी

आमची टपाल तिकीट संग्राहकांची छोटी संस्था आहे, पगारी कोणीच नाही. खजिनदार म्हणून पहिली चार वर्षं मी साध्या स्प्रेडशीटवर जमा, खर्च आणि शिल्लक लिहीत होतो. त्या शिलकीवर विसंबून कार्यकारिणीने प्रदर्शनासाठी नव्या फ्रेम घ्यायचं ठरवलं. तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त पैसा लिलावात तिकिटं विकलेल्या सभासदांचा होता, तो द्यायचाच राहिला होता. फ्रेमची ऑर्डर थांबवली आणि मी ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

हे मुक्त सॉफ्टवेअर १९९८पासून आहे, त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हिशेब द्विनोंदी पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक व्यवहार पैसा कुठून आला आणि कुठे गेला अशा दोन्ही बाजूंनी लिहायचा. नोंदीच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर फरक ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात उघडा पडतो.

खरा उपयोग झाला तो लिलावात. एखादा लॉट, म्हणजे एका बोलीला ठेवलेली तिकिटं, शंभराला गेला आणि संस्थेचं कमिशन दहा असेल, तर एकाच नोंदीत तीन ओळी लिहायच्या: बँकेत शंभर, कमिशनच्या उत्पन्नात दहा, विक्रेत्याच्या देण्यात नव्वद. ‘देणी’खाली मी प्रत्येक विक्रेत्याचं पोटखातं उघडलं आहे. पैसे चुकते केले की ते शून्यावर येतं. शून्यावर न आलेली खाती दर महिन्याला पाहतो. पुढच्या वर्षाची आगाऊ आलेली वर्गणीही देण्यातच ठेवतो, कारण ते वर्ष अजून सुरू व्हायचं आहे.

पहिला महिना मात्र जड जातो. कुठलं खातं कोणत्या गटात घालायचं, हे हिशेब कळणाऱ्या माणसाजवळ बसूनच ठरवावं. निधीनिहाय हिशेबाची, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेला पैसा वेगळा दाखवण्याची, वेगळी सोय नाही. आजीव सभासदांचा निधी पोटखात्यांवर भागवावा लागतो. एकाच फाइलवर दोघांना एकाच वेळी काम करता येत नाही, म्हणून सहखजिनदार आणि मी वार वाटून घेतले आहेत. सभासदांची नोंदवही वेगळीच ठेवली आहे.

गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, “माझ्या चार लॉटचे पैसे?” तिथेच त्यांचं खातं उघडून दाखवलं. तीन दिलेले, एक बाकी. दुसऱ्या दिवशी तोही चुकता केला. फ्रेमसाठी आता वेगळं पोटखातं आहे, त्यात पुरेसे जमले की ऑर्डर देऊ.