थप्प असा आवाज आला होता

परवा रात्री आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तोच विक्रीचा फोटो पुन्हा फिरत आला. निळं दार, दाराला टेकवलेली सायकलची दोन काळी चाकं, कोपऱ्यात अर्धवट दिसणारी बादली. खाली नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत ७४,०००. जानेवारीत हाच फोटो बघून मी ही जुनी चाकं घेतली आणि माझे ६२,००० गेले. मी तोंड शिवून बसलो होतो, पण आता दुसऱ्या कुणाचा नंबर लागायच्या आत लिहून टाकतो.

लाज कसली ते आधी सांगतो. मी फोंड्यात एका पतसंस्थेत काम करतो. आमच्या काउंटरच्या काचेवर 'अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका' असा कागद लावलेला आहे. तो मीच टाइप केलाय, मीच चिकटवलाय. पेन्शन न्यायला येणाऱ्या आज्यांना मी तो मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच कागदाच्या मागे बसून, जेवणाच्या सुट्टीत, मी ५,००० रुपये यूपीआयने पाठवले.

माझी बाजूही ऐका. सहा वर्षं सायकल चालवतोय. डिस्क ब्रेकची रोड बाइक आहे, तिच्यासोबत आलेली अॅल्युमिनियमची चाकं जवळजवळ दोन किलोची. नावाजलेल्या कंपनीचा कार्बन फायबरच्या चाकांचा नवा सेट दीड लाखाच्या पुढे. तेवढे पैसे चाकांवर घालणारा माणूस मी नव्हे. जुना, पण चांगला वापरलेला सेट घ्यायचा, हा काही हावरटपणा नाही. ग्रुपवर निम्मे लोक तेच करतात. आणि विकणारा रस्त्यावरचा भामटा वाटत नव्हता हो. मिरामारच्या ७०.३ ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं असली शर्यत पूर्ण करणाऱ्याचा, फिनिशर टी-शर्ट घालून आला होता. पुण्याची स्वच्छ मराठी. आधी 'सर', मग 'दादा'. आता कळतं, टी-शर्ट कुणाचाही कुणीही घालू शकतो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. किंमत ७८,०००, घासाघीस करून ६२,०००. 'बेळगावचा एक जण उद्या येतोय', म्हणून आजच ५,००० टाका. बिल बहिणीकडे, मोबाइलवर त्याचा धूसर फोटो. हे सगळे खेळ मी पतसंस्थेत रोज ऐकतो. तरी पाठवले. ते पाच हजार गेल्याचं दुःख नाही, कारण माणूस खरंच आला. आला म्हणूनच मी बुडालो. न येता पळाला असता तर पाच हजारांवर निभावलं असतं.

शनिवार, ११ जानेवारी. संध्याकाळी साडेसहा. पर्वरीत हायवेजवळच्या एका इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. वेळ त्याने ठरवली, जागा त्याने ठरवली, उजेड तर नव्हताच. मोबाइलची बॅटरी लावून मी चाकं बघितली. वरून चकाचक. स्टिकर ताजे. जास्तच ताजे, पण ते आज म्हणतोय.

कार्बनची रिम जुनी घेताना नाण्याने वाजवून बघायची असते. हे मला माहीत होतं, घरून रुपयाचं नाणं मुद्दाम खिशात टाकून नेलं होतं. दोन स्पोकांच्या मधे हलकेच टकटक करत पूर्ण गोल फिरायचं. आवाज सगळीकडे एकसारखा हवा. कार्बनचे थर आतून सुटले असतील तर तिथे आवाज बसका येतो. पुढचं चाक वाजवलं, टण टण टण, छान. मागचं वाजवायला घेतलं. टण, टण, टण, थप्प. परत वाजवलं. थप्प.

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसला. म्हणाला, "दादा, ट्यूबलेस आहे ना, आत सीलंट आहे. सीलंट जिथे असतं तिथे आवाज दबतो."

आणि मी मान डोलावली.

हा प्रसंग मी रोज रात्री झोपताना परत बघतो. सीलंट म्हणजे टायरमधलं पंक्चर बुजवणारं, पातळ दुधासारखं पाणी. ते खाली बसतं, चाक कसंही धरा, खालीच बसतं. मी चाक हातात घेऊन अर्धं फिरवलं होतं, ती जागा वर आली होती, तिथे पुन्हा नाणं मारलं होतं, आणि पुन्हा थप्पच आलं होतं. सीलंट काय छताला चिकटून बसतं? पाचवीतल्या पोराला कळलं असतं. माझ्या कानाला कळलं होतं, बोटांना कळलं होतं, फक्त जीभ उचलली नाही. का? कारण गडी नम्रपणे बोलत होता, मला डिचोलीत सासुरवाडीला जेवायला पोचायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ती चाकं हवी होती. मनातल्या मनात ती सायकलला लावूनही झाली होती.

मी म्हटलं, एक बाजूचा टायर काढून आत बघू या. "काढा ना दादा, पण सीलंट सगळं तुमच्या गाडीत सांडेल." सांडू दे की! शंभर रुपयांचं सीलंट! टायर काढू न देणाऱ्याकडून ट्यूबलेस चाक घेऊ नका. आतली टेप उचलून स्पोकची भोकं बघितल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणखी एक खूण त्याने स्वतःच्या तोंडाने दिली होती. जाताना म्हणाला, "कार्बन आहे, बिनधास्त शंभर पीएसआय हवा भरा." टायर काढल्यावर पुढे कळलं की रिम हुकलेस आहे. म्हणजे टायरची कड धरून ठेवणारा हूक आत नाही. अशा रिमला जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा. मी तीन आठवडे नव्वद भरून फिरलो. टायर उडाला नाही ही म्हाळसेची कृपा. ज्या माणसाने ती चाकं खरंच चालवलीत, तो शंभरचा सल्ला देईल का?

५७,००० रोख दिले. पावती नाही. त्यावर माझ्या जुन्या ब्रेकच्या डिस्क सहा स्क्रूंनी बसणाऱ्या, याचे हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, सेंटर लॉकचे, एकाच कड्याने डिस्क आवळणारे, म्हणून नव्या डिस्क ३,८०० च्या. घरी बायकोला एकूण आकडा पस्तीस हजार सांगितला. हे ती वाचेल तेव्हा वाचेल.

रविवार, २ फेब्रुवारी. चोर्ला घाट चढून उतरताना मागून टिक टिक सुरू झालं. वाटलं, स्पोक ढिला असेल. केरीला चहाला थांबलो, चाक बघितलं तर एका स्पोकच्या मुळाशी रिमवर पांढरा ओघळ. सीलंट. टायरमधून नव्हे, स्पोकच्या भोकातून. तिथून घरी टेम्पोने आलो.

पणजीतल्या ज्या मेकॅनिककडे मी जातो, त्याने दोन मिनिटांत टायर उतरवला. टेपचे दोन थर. खालची टेप निघाली आणि तो नुसता म्हणाला, "बाब, हें पयलींच फुटिल्लें." दोन स्पोकांच्या भोकांमधे बोटभर लांब चीर, तिच्यात गोंद भरून घासलेला, वरून काळा रंग. बरोबर थप्पच्या जागी. अॅल्युमिनियमची निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, पांढऱ्या पुडीने भरलेली. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम कुजतं. आपल्या किनाऱ्याच्या हवेत हे होतंच, म्हणून इथे पितळेची निपल बरी. थोडं वजन वाढलं तर वाढलं. मिरामार, दोना पावलच्या बाजूला फिरून आलात तर गोड्या पाण्याने चाक पुसा, फवाऱ्याचा जोर हबवर मारू नका. हे सगळं मला माहीत आहे बरं का. विकत घेताना माहीत नव्हतं एवढंच.

मग हब. वर स्विस कंपनीचं नाव. त्या हबमध्ये दात असलेल्या दोन चकत्या असतात आणि तो अवजाराशिवाय, हाताने ओढून उघडतो. याच्यात तीन साधे खटके निघाले. पार्किंगमध्ये ओढून बघितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. शेवटी वजन. जाहिरातीत १,४८० ग्रॅम. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही चाकं मिळून १,७९०. दुकानदाराने विचारलं, "किलोचा भाव काय?"

रिमवरचा क्रमांक कंपनीला ईमेल केला. तीन दिवसांत उत्तर आलं. या सगळ्या प्रकरणात वेळेत उत्तर देणारी तेवढी एकच मंडळी. अपघातात फुटलेली म्हणून ती रिम आधीच बदलून दिलेली होती, जुनी नष्ट करायची होती. आणि वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला. म्हणजे क्रमांक ११ जानेवारीच्या आधी पाठवला असता तर सगळं फुकटात कळलं असतं. जुना सेट घेणाऱ्यांनो, आधी क्रमांकाचा स्पष्ट फोटो मागा. देत नसेल तर विषय संपला.

आता सरकारदरबार. पहिल्या ठाण्यावर गेलो. हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "सायकलीच्या चाकांक बासश्ट हजार!" आतून दोघं चाकं बघायला आले. तिघांनी उचलून बघितली. एकाने विचारलं, यात स्कूटर नाही का येत? येते. त्याचा फसवणुकीशी संबंध काय? मग सांगितलं, व्यवहार पर्वरीचा, तिकडच्या ठाण्यात जा. मांडवी ओलांडून तिकडे गेलो. ते म्हणाले, आगाऊ पैसे तुम्ही फोंड्याहून पाठवले, तिकडे जा. मी म्हटलं, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, वकील काय? मी म्हटलं, पतसंस्था. हसले. पतसंस्थावाला फसला!

वर म्हणाले, तुम्ही वस्तू बघून घेतली, वाजवून घेतली, हा दिवाणी वाद. अहो, फुटलेली रिम रंगवून, खोटं स्टिकर लावून विकली, हे न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ मध्ये नाही बसत तर कशात बसतं? "लिहून द्या, बघतो." लिहून दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर.

सायबरवाल्यांचं म्हणणं, ऑनलाइन फक्त ५,००० गेलेत, बाकी रोख, म्हणजे सायबर ५,००० पुरताच. तेही तीन आठवड्यांनी सांगताय, पैसे खात्यातून कधीच निघाले. हे मात्र त्यांचं खरं. आगाऊ रक्कम घेऊन कुणी गायब झाला तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, दुसऱ्या दिवशी नव्हे. माझ्या बँकेने लिहून दिलं की व्यवहार खातेदाराने स्वतःच्या पिनने केला. हो, केला! पिन चोरला असं मी कुठे म्हणतोय?

ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. पाच लाखांपर्यंत फी नाही, म्हटलं बरं. तिथल्या खिडकीवर कळलं की समोरचा व्यापारी नाही, खाजगी माणसाने खाजगी माणसाला विकलेली वस्तू, इथे चालायची नाही. म्हणजे मी ग्राहक नाही. गिऱ्हाईक मात्र झालो.

नंबर बंद. यूपीआयवरचं नाव कुणा तिसऱ्याचंच. ग्रुपच्या अॅडमिनला सगळे फोटो पाठवले, तर त्याने माझाच मेसेज काढून टाकला. 'वैयक्तिक वाद ग्रुपवर नको.' आणि परवा तो निळ्या दाराचा फोटो मात्र तसाच राहू दिला. दोन जणांनी खाली अंगठे दिलेत. फोटो कुठे आणखी वापरलाय का, हे शोधून बघायला मोबाइलवर दहा सेकंद लागतात, तेवढे तरी खर्च करा. आणि भेटायचंच तर दिवसाउजेडी, तुमच्या मेकॅनिकच्या दुकानात. त्याला पाचशे द्या. मी नंतर १,२०० दिले, फक्त काय गेलं ते कळायला. सगळं मिळून ६७,०००.

आणि ५० मिमी उंचीची रिम घ्यायची गरजच नव्हती, हेही सांगून टाकतो. दोना पावलाला आडवा वारा सुटला की ते चाक हातातून हँडल ओढतं. आपल्या रस्त्यांना, आपल्या खड्ड्यांना ३५ च्या आसपास भरपूर होतं. मेकॅनिक हे डिसेंबरातच म्हणाला होता.

मागचं चाक त्याच्याच दुकानात खिळ्याला टांगलंय, लोकांना आतली चीर दाखवायला. पुढचं माझ्याकडे आहे. तो म्हणतो, ठीक दिसतंय. गेल्या आठवड्यात म्हापशाचा एक जण त्या चाकाचे वीस हजार द्यायला तयार होता. मी नाही म्हटलं. मग रविवारी तोंडाला रुमाल बांधून करवत घेऊन बसलो. रिमवर एक चरा पाडला आणि थांबलो. तेवढ्यात बायको दारात आली. म्हणाली, "पस्तीस हजारांचं चाक कापतोयस?"