विमानवालं कोटिंग अन् आमच्या ट्रॅक्टरचं सायलेन्सर

नागपूरच्या एमआयडीसीतल्या एका कोटिंगवाल्याकडून ट्रॅक्टरचं सायलेन्सर करून आणलं त्याले आता आठ महिने झाले, पावसाळाही निघाला, म्हणून लिहून राह्यलो. दुकानाचं नाव घेत नाई, काहून ते पुढं समजनच.

मांगच्या साली तालुक्याच्या पेंटरनं साधा सिल्वर मारून देल्ला होता. रोटाव्हेटर लावून दोन एकर नाई झालं तं सगळा जळून वास सुटला अन् पावसाळ्यात पाइप लालभडक. रात्री सायलेन्सरवर डबा उलटा घालतो आपण सगळेच, पण एखाद्या दिवशी विसरतेच ना बा. पावडर कोटिंगवालाही म्हणे मी करतो, पण ती पावडर भाजतेच 180-200 डिग्रीले, लोडवर ते काय टिकन.

हा नागपूरवाला भाऊ म्हणे, "विमानाच्या पाइपले मारतो तेच मटेरियल हाय, म्हणून 300 रुपये जास्त." माह्या बहिणीचा पोट्टा नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानाच्या मेन्टेनन्सले हाय, त्याले तिथूनच फोन लावला तं तो हसतच सुटला. म्हणे मामा, फ्लाइंग क्लबच्या छोट्या सेसनासारख्या विमानात एक्झॉस्टचा गॅस 700-800 डिग्रीच्या घरात जाते, पाइप स्टेनलेसचा नाईतं इनकोनेल म्हणजे निकेलवाल्या मिश्रधातूचा राह्यते, त्याले असा सिल्वर कोणी फासत नाई, काहून तडा गेला का तो दिसला पाह्यजे. केबिनचा हीटर त्याच मफलरच्या भवतालची हवा घेते, तडा रंगाखाली लपला तं कार्बन मोनॉक्साइड सरळ पायलटच्या नाकात. शिसपेन्सिलीनं त्या पाइपवर साधी खूणही करू देत नाईत म्हणे, तापल्यावर तो कार्बन धातूत जिरते अन् तिथंच तडकते. जेट इंजिनात आतून सिरॅमिक मारतात ते खरं, पण ते प्लाझ्मानं, म्हणजे लई तापलेल्या वायूच्या झोतानं फवारतात, डब्यातलं नाई.

त्या भाऊचा रंगाचा डबा पाह्यला तं सिलिकॉन अॅल्युमिनियम रंग, 600 डिग्रीवाला. आपल्या डिझेल ट्रॅक्टरले तेवढं पुरते, मंग विमानाचं नाव कायले घेतो बाप्पा!

काम मात्र साफ. सॅन्डब्लास्टिंग करून पाइप पांढरा काढला, त्याच दिवशी दोन पातळ हात मारले, एकेक 20-25 मायक्रॉनचा, जाड मारला का फुगते हे त्याले बरोबर माहीत होतं. पण हा रंग 200 डिग्रीवर तासभर भाजला नाई तं कच्चाच राह्यते, डिझेलचं फडकं लागलं का निघते. ओव्हनचे 400 रुपये बिलात धरले अन् निघताना म्हणते लाइन नव्हती, इंजिनावरच भाजून घ्या. कसं भाजाचं ते नाई सांगतलं. लहान भावानं दुसऱ्याच दिवशी कल्टिव्हेटर जोडून सरळ वावरात घातला, बेंडवर भजे आल्यासारखे फुगे.

पाइप पोत्यात बांधून पुन्हा एसटीनं नागपूर, कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं ते वेगळंच. फुकट करून देल्लं पण ओव्हन तवाही बंद. यावेळी भाच्याले इचारून मीच भाजलं: 10 मिनिटं आयडलवर, मंग पुरं थंड, मंग 20 मिनिटं अर्ध्या रेसवर, पुन्हा थंड, मंग कुठं लोड. धूर इतका का बायको म्हणे गोठ्याले आग लागली. आता फ्लॅन्जजवळ, म्हणजे पाइप बोल्टानं जोडतो तिथं, जरासा गंज हाय, बाकी पाइप जसाच्या तसा.

एकूण 1850 लागले. कामाले 4 स्टार, बोलण्याले 2. जाचं असन तं ओव्हन चालू हाय का ते आधी फोनवर इचारा, अन् पाइप त्यातून निघेपर्यंत तिथंच बसा, चहाची टपरी समोरच हाय.