रणांगण, स्मृतिचित्रे आणि आहे मनोहर तरी : कोणती प्रत घ्यावी, कशी वाचावी

'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र घ्यायचं तर आधी प्रत नीट बघून घ्या. लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून हे पुस्तक आता कुणालाही छापता येतं, आणि बरेच जण छापतातही. मुखपृष्ठावर नाव तेच असतं, आतला मजकूर मात्र कमी-जास्त. मूळ पुस्तक 1934 पासून चार भागांत आलं. त्याची एक संक्षिप्त आवृत्ती मुलाने, म्हणजे देवदत्त टिळकांनी केली. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली 'अभिनव आवृत्ती' मात्र संपूर्ण आहे आणि तिला टिपाही आहेत. दुकानात आधी अनुक्रमणिका उघडा. चारही भागांचा पत्ता नसेल तर स्वस्त असली तरी ती प्रत राहू द्या.

संक्षिप्त प्रतीत घटना बहुतेक सापडतात. मात्र या पुस्तकाची मजा घटनांपेक्षा आडवाटेच्या गप्पांत जास्त आहे, आणि कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं येतं. बाहेरून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात जायचं नाही. या वेडामागे सत्तावनच्या बंडात फाशी गेलेल्या आजोबांची गोष्ट आहे, आणि तीही बाई रडका सूर न लावता सांगतात. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती होतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती त्याच्याकडे परत येते, तरी सोवळं-ओवळं सोडत नाही. पुढे ते कसं गळून पडलं, ती पानं सावकाश वाचा. नाट्य नाही, उपदेश नाही; स्वतःशीच घातलेला वाद आहे आणि त्यात त्या स्वतःला हसतातही. रेव्हरंड टिळक थोर कवी खरे, पण संसार करायला हा माणूस किती अवघड होता, हे त्यांच्या कुठल्याही चरित्रापेक्षा इथे जास्त कळतं. बायको तक्रारीचा सूर न लावता सगळा हिशेब मांडते.

चौथा भाग अपुरा राहिला आहे. तिथे लय सुटल्यासारखी वाटली तर ते तेवढ्यावर सोडून द्यावं.

जुनी छापील प्रत मिळाली तर 'घरीं', 'त्यांनीं', 'कां' असे अनुस्वार दिसतील. 1962 च्या लेखननियमांआधीचं लेखन तसंच असायचं, त्याला मुद्रणदोष समजू नका. जुन्या छापील पानांवरून यंत्राने अक्षरं ओळखून केलेल्या ई-प्रतींचं दुखणं वेगळं. त्यांत जोडाक्षरं तुटतात, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी येतात. नमुन्याची पानं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' 1939 चं. ही छोटी कादंबरी एक-दोन बैठकांत संपते आणि तशीच संपवावी. तुकड्यातुकड्यांनी वाचली तर बोटीवरची कोंडी जाणवत नाही. युरोपातून परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू तरुणी हॅर्टा बोटीवर भेटतात. आजच्या वाचकाला थोडी पार्श्वभूमी हाताशी असलेली बरी. त्या काळी शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून असे निर्वासित तिकडे निघत. जिनोआ आणि त्रिएस्तहून सुटणाऱ्या इटालियन बोटी सुएझ, मुंबई करत तिथे जात. जर्मनी सोडणाऱ्याला सोबत फक्त दहा मार्क नेता येत. बोटीवरच्या निर्वासितांची लाचारी या आकड्यातून नीट कळते, नाहीतर त्यांचं वागणं नुसतं भावनिक वाटतं.

खटकतो तो चक्रधरच. पूर्वीची प्रेयसी उमा हिने दिलेल्या दुखण्यावरून तो अख्ख्या स्त्रीजातीवर जी टिप्पणी करत सुटतो, ती सुरुवातीला कंटाळा आणते. इथे बरेच जण पुस्तक मिटतात. थोडं सोसावं, कारण हॅर्टा बोलू लागल्यावर त्याचं तत्त्वज्ञान तिच्यापुढे टिकत नाही, आणि लेखकाला ते ठाऊक आहे. प्रस्तावना किंवा मागच्या पानावरचा मजकूर आधी वाचू नका. या कादंबरीचा शेवट सांगून टाकायची लोकांना फार हौस. बेडेकर 1998 मध्ये गेले, म्हणजे हक्क अजून चालू आहेत आणि फुकट फिरणाऱ्या पीडीएफ चोरीच्या आहेत.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (1990) हे आत्मकथन या दोघांनंतर घ्या. पु. लं.च्या गमतीजमती शोधत आलेला वाचक इथे हमखास रुसतो. कालक्रम पाळलेला नाही, आठवण आठवणीला धरून येते, मध्ये कवितांच्या ओळी पेरलेल्या. म्हणून सन-तारखा जुळवत बसू नये. त्या नवऱ्याला, म्हणजे पु. लं.ना, टीकेतून सोडत नाहीत आणि स्वतःलाही नाही, तरी काही पानांवर तेच गाऱ्हाणं पुन्हा फिरून येतं आणि संपादकाने जरा हात चालवायला हवा होता असं वाटतं. लक्ष्मीबाई तेच ओझं विनोदाने हलकं करतात, सुनीताबाई तर्काने तोलून दाखवतात. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर हा फरक जास्त ठळक होतो, फक्त लक्ष्मीबाईंना पहिला नंबर द्या. उलट क्रमाने वाचलं की त्यांचं हसणं उगाच भाबडं वाटायला लागतं, आणि ते मुळीच तसं नाही.