कोकण किनारा सायकलवरून: मार्ग आखायला कोणतं साधन कितपत कामाचं

मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्याने सायकल न्यायची म्हटलं की आधी चार खाड्यांचा विचार करावा लागतो. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड. चारही ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे आणि सायकल तिच्यावर सहज चढते. पण मार्ग आखणाऱ्या साधनाने यातली एक जरी फेरी ओळखली नाही, तरी ते रेघ आतल्या बाजूला वळवतं. दाभोळची फेरी निसटली की चिपळूण, बागमांडल्याची निसटली की आंबेत-म्हाप्रळचा पूल, तवसाळची निसटली की भातगावचा पूल. तासाभराचं काम दिवसावर जातं. त्यामुळे कुठलंही नवं संकेतस्थळ किंवा ॲप हाती आलं की दाभोळ ते गुहागर एवढाच तुकडा आधी टाकून पाहावा. रेघ खाडी ओलांडून गेली तरच पुढे वेळ घालवावा.

या कसोटीवर आणि एकूण कामाच्या दृष्टीनेही आमचा कौल ब्राउटरला आहे. ते ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, वापरतं. दिसायला रुक्ष आहे, पहिली पंधरा मिनिटं गोंधळ होतो, पण तेवढं सोसावं. ‘ट्रेकिंग बाइक’ हे प्रोफाइल निवडलं की ते मोठे रस्ते टाळून गावातले रस्ते शोधतं. त्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये फेरी चालेल का आणि पायऱ्या चालतील का, असे दोन वेगवेगळे पर्याय आहेत. फेरी चालू ठेवायची, पायऱ्या बंद करायच्या. कोकणात हे न केल्यास फजिती ठरलेली. वाडीतून समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या (दगडी उतरत्या वाटा) नकाशावर कुठे पायऱ्या म्हणून, तर कुठे नुसती पायवाट म्हणून नोंदलेल्या असतात. पायऱ्या बंद केल्यावर पहिला प्रकार टळतो, दुसरा टळत नाही. पंधरा किलोंचं सामान लादलेली सायकल पाखाडीवरून खाली नेणं म्हणजे रिम आणि कॅरिअरचे बोल्ट दोन्ही पणाला लावणं.

दुसरा प्रकार पकडायला ब्राउटरचं विश्लेषणाचं पान उघडायचं. मार्गातला किती भाग कोणत्या दर्जाच्या रस्त्यावरून आणि कोणत्या पृष्ठभागावरून जातो, हे तिथे किलोमीटरमध्ये दिसतं. ‘पाथ’ किंवा ‘ट्रॅक’ या नावाखाली अर्धा किलोमीटर जरी दिसला, तरी तो तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून पाहावा. पृष्ठभागाची नोंदच नसलेले रस्तेही भरपूर निघतील. त्याचा अर्थ रस्ता वाईट असा नाही, कुणी नोंद केलेली नाही एवढाच. उपग्रहचित्रात करडी, एकसारखी रेघ दिसली तर बहुधा डांबर. तांबूस आणि कडा विस्कटलेली दिसली तर माती किंवा जांभ्याची खडी. 35 मिलिमीटरचे टायर असतील तर सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, तांबडा रस्ता कोरड्या दिवसांत चालतो. 25 मिलिमीटरवर तो टाळावा.

मार्गावर बिंदू ठेवतानाची एक चूक फार जण करतात. बिंदू नेमका तिठ्यावर किंवा देवळासमोरच्या गल्लीत ठेवला, की आखलेला मार्ग त्या गल्लीत शिरून परत बाहेर येतो. नकाशावर बारीकसा काटा दिसतो, आणि प्रत्यक्षात आवाजी सूचना तुम्हाला मागे फिरायला सांगते. बिंदू नेहमी तिठा ओलांडल्यावर शे-दोनशे मीटर पुढे, मुख्य रस्त्यावर ठेवावा. पूर्ण झालेला मार्ग ब्राउटरच्या पत्त्यातच साठतो, म्हणून तो दुवा जपून ठेवला की पुन्हा कधीही उघडून दुरुस्त करता येतो.

चढाच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात तोच घात करतो. अनेक संकेतस्थळांवरच्या उंचीच्या आकड्यांचं मूळ एसआरटीएम मोहिमेत आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने रडारने घेतलेली ही मोजमापं. ती चौकोनांत विभागलेली आहेत आणि त्यांतला बारीकात बारीक चौकोनही साधारण 30 मीटरचा. सपाट देशावर याने काही बिघडत नाही. पण रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या ठिकाणी रस्ता कड्याच्या अंगाने जातो. तिथे रेघ थोडी जरी सरकली तरी एक बिंदू डोंगरावर, दुसरा पार खाली पाण्याकडे पडतो, आणि आलेखात रस्त्यावर नसलेले दातेरी चढउतार उमटतात. उंच पुलावरही असंच होतं: आलेख खाडीच्या पाण्यापर्यंत उतरून पुन्हा चढतो. हे खोटे चढउतार गुळगुळीत करण्याची पद्धत प्रत्येक साधनाची वेगळी, म्हणून एकाच फाइलला दोन ठिकाणी चढाचे दोन आकडे येतात. यावर उपाय सोपा आहे. सगळे दिवस एकाच साधनात मोजावेत आणि आकडा खरा मानण्याऐवजी दिवसांची आपसात तुलना करावी. आलेखात शंभर मीटरच्या आत 20 टक्क्यांहून जास्त चढ दिसला, तर आधी तो कडा किंवा पूल आहे का ते पाहावं. नसेल तर तो चढ खराच असू शकतो, खाडीतून सड्यावर चढणारे रस्ते तितके उभे असतात.

स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर मार्ग आखायची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. कोकणासाठी तिची गरज पडत नाही. स्ट्राव्हाचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जातात ते उजळ रेघांनी दाखवणारा नकाशा, मात्र जरूर वापरावा. रस्त्याच्या पातळीपर्यंत मोठा करून पाहायला फुकट खातं पुरतं. आधी फक्त सायकलिंग निवडायचं, नाहीतर किनाऱ्यावर धावणाऱ्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या रेघाही त्यात मिसळतात. फेरीबोटीत बसल्यावर बहुतेक जण नोंद बंद करत नाहीत, त्यामुळे वापरात असलेली फेरी खाडीच्या पाण्यावर सरळ उजळ रेघ म्हणून दिसते. ब्राउटरने निवडलेल्या आडवाटेवर जरासाही उजेड नसेल, तर ती वाट वाईटच असेल असं नाही, पण तिची उपग्रहचित्रावर तपासणी व्हायलाच हवी.

मार्ग आखायचं आणखी एक साधन कोमूट. ते देखणं आहे, पृष्ठभागाची टक्केवारी नीट दाखवतं आणि इतरांनी टाकलेले फोटो उपयोगी पडतात. युरोपातल्या नदीकाठच्या सायकलवाटांसाठी ते उत्तम आहे. राइड विथ जीपीएस हे साधन मार्गाचे दिवसवार तुकडे करायला सर्वांत सोयीचं. फोनवर त्याच्या आवाजी सूचना आणि ऑफलाइन नकाशे हवे असतील तर पैसे भरावे लागतात.

गुगल मॅप्सवर मार्ग आखू नये. तिथला ‘दुचाकी’ पर्याय मोटरसायकलसाठी आहे, उंचीचं भान त्याला सायकलस्वारासारखं नाही, थांब्यांच्या संख्येला मर्यादा आहे आणि जीपीएक्स फाइल (मार्ग एका साधनातून दुसऱ्यात न्यायची फाइल) मिळत नाही. पण खाणावळ, घरगुती निवास, सायकल दुरुस्तीचं दुकान, जेट्टीचा फोन नंबर यासाठी त्याला तोड नाही. प्रतिक्रिया ‘नव्या आधी’ अशा क्रमाने लावून वाचाव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांपेक्षा गेल्या महिन्यातली ‘बंद होतं’ ही ओळ जास्त मोलाची. ही ठिकाणं गुगलच्या ‘माय मॅप्स’मध्ये एका थरावर आणि ब्राउटरची जीपीएक्स दुसऱ्या थरावर टाकली, की मुक्काम रस्त्यापासून किती आत आहे ते लगेच कळतं. कोकणात ‘दोन किलोमीटर आत’ म्हणजे बऱ्याचदा संध्याकाळी दोन किलोमीटर उतार आणि सकाळी थंड पायांनी तोच चढ.

दिवस ठरवताना सामानासह सपाटीवर ताशी 15 किलोमीटर धरावेत आणि चढाच्या दर 100 मीटरला 10 मिनिटं वाढवावीत. 65 किलोमीटर आणि 1100 मीटर चढ म्हणजे 4 तास 20 मिनिटं अधिक 1 तास 50 मिनिटं, एकूण 6 तास 10 मिनिटं फक्त पेडल मारण्याची. जेवण, विश्रांती, पंक्चर आणि जेट्टीवरची वाट धरली की नऊ तास झाले. डिसेंबरमध्ये उजेड अकरा तासांचा, तेव्हा हा आकडा गच्च भरलेल्या दिवसाचा आहे. मांडवा ते मुरूड हे सुमारे 70 किलोमीटर त्यामानाने सौम्य. गुहागर-हेदवी-तवसाळ आणि रत्नागिरीच्या खाली पूर्णगड-जैतापूर-विजयदुर्ग हे पट्टे दम काढतात, तिथे 55 किलोमीटर पुरेत. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येकडचा वारा सुटतो. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर दुपारी तीनची वेळ लावून पाहिलं की तो दिसतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जावं, वारा पाठीशी राहतो.

फाइल फोनमध्ये घ्यायला ओएसएमअँड हे नकाशाचं ॲप. महाराष्ट्र आणि गोवा असे दोन नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेवावेत, कारण खाडीकाठच्या उतारांवर नेटवर्क जातं. आयात केलेल्या मार्गावरून चालताना ते आवाजी सूचना देतं. नुसती रेघ पाहायची असेल तर ऑरगॅनिक मॅप्स हलकं आणि बिनजाहिरातीचं आहे. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो आणि बॅटरी वाचते. रोजची फाइल वेगळी ठेवावी. सगळा प्रवास एकाच फाइलमध्ये असेल तर सायकलवरची जुनी जीपीएस उपकरणं ती उघडताना अडखळतात, आणि एकाच गावातून दोनदा जाणाऱ्या रेघा एकमेकींत गुंततात.

फेरीबोटीचं वेळापत्रक कुठल्याच नकाशावर भरवशाचं नसतं. दुरुस्ती, वादळी हवा, जेट्टीवरचं बांधकाम, कशानेही फेरी थांबते. आदल्या संध्याकाळी जेट्टीला फोन करावा आणि शेवटची फेरी किती वाजता हे विचारून घ्यावं. चारही खाड्यांचे वळसे ब्राउटरवर आधीच आखून फाइलींना ‘दाभोळ-वळसा’, ‘बागमांडला-वळसा’ अशी नावं द्यावीत आणि त्या फोनमध्ये रोजच्या फाइलींशेजारीच ठेवाव्यात. वळसा पडला तर त्या दिवशीचा मुक्काम कुठे हलवायचा, त्या गावाचं नाव आणि फोन नंबर फाइलच्या वर्णनातच लिहून टाकावा.