ताजचा जिना की ओबेरॉयची खिडकी: नूतनीकरणानंतरच्या मुक्कामासाठी निवड

ठाणे आणि नवी मुंबईतील घरांत आईवडिलांच्या लग्नाचे पन्नासावे वर्ष जवळ आले, की दक्षिण मुंबईत समुद्रकाठच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात एक रात्र काढावी असा विषय निघतो, आणि चर्चा बहुधा अपोलो बंदरचे ताजमहाल पॅलेस व नरिमन पॉइंटचे ओबेरॉय या दोन नावांवर येऊन थांबते. ज्यांना ही हॉटेले 2008 च्या आधीपासून ठाऊक आहेत, त्यांनी न्याहारीतील पदार्थ मोजण्यापेक्षा नूतनीकरणाची पद्धत पाहावी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर ताजची मूळ इमारत आणि ओबेरॉय ही दोन्ही 2010 पर्यंत बंद राहिली. पुन्हा उभे राहताना ताजने जुने रूप परत आणले, ओबेरॉयने मात्र जुन्या रूपाचा आग्रहच सोडला.

ताजची मूळ इमारत 1903 मध्ये सुरू झाली, म्हणजे समोरचे गेटवे ऑफ इंडिया 1924 मध्ये पूर्ण होण्याच्या दोन दशके आधी. तिचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, आणि वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. इमारत चुकून उलटी बांधली गेली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला ऐकवते. प्रत्यक्षात मुख्य प्रवेश शहराच्या बाजूने, आज जेथे पोहण्याचा तलाव आहे तेथूनच योजलेला होता. हल्ल्यात वरच्या मजल्यांना आगीची मोठी झळ बसली. दुरुस्तीनंतर 15 ऑगस्ट 2010 रोजी हा भाग पुन्हा खुला झाला, तेव्हा मधला भव्य जिना, त्याभोवतीचे रुंद सज्जे आणि घुमट यांची ओळख जपलेली होती. जुने पाहुणे परत गेल्यावर ज्या गोष्टी शोधतात, त्या त्यांना येथे सापडतात. पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून चहा आणि भेळ घेण्याची प्रथाही टिकून आहे, आणि माझ्या मते मुक्कामाच्या खर्चातील सर्वांत सार्थकी लागणारा भाग तोच आहे.

मात्र ‘ताजमध्ये राहिलो’ या एका वाक्यात दोन वेगळे अनुभव दडलेले असतात. मूळ इमारत म्हणजे ‘पॅलेस’; तिच्या शेजारचा ताजचाच टॉवर 1973 चा आहे आणि तो 2008 च्या डिसेंबरमध्येच पुन्हा सुरू झाला होता. उंच मजल्यावरून समुद्र अधिक दूरवर दिसतो, हा टॉवरचा मोठा गुण. परंतु त्याच्या खोल्यांत पॅलेसच्या उंच छताचा आणि जुन्या सज्ज्यांचा प्रत्यय येत नाही. टॉवरमधील पाहुण्यांना पॅलेसमध्ये फिरता येते हे खरे, तरी ज्यांच्या आठवणी त्या जिन्याशी जोडलेल्या आहेत त्यांना रात्री झोपायला दुसऱ्या इमारतीत नेणे मला अर्धवट वाटते.

ओबेरॉय 1986 चे असल्यामुळे तेथे वारशाचे बंधन नव्हते. एप्रिल 2010 मध्ये ते उघडले तेव्हा आतील रचना नव्याने केलेली होती: पांढऱ्या संगमरवराची लॉबी, त्यात उठून दिसणारा लाल पियानो आणि समुद्राकडे मोठ्या काचा. जुने ओबेरॉय शोधत येणाऱ्याची येथे काहीशी निराशा होईल. ज्याला शांतता आणि नेटकी आधुनिक खोली हवी आहे, त्याला ते ताजपेक्षाही सरस वाटू शकेल. शेजारच्या ट्रायडेंटचे दर सामान्यतः कमी असतात आणि समुद्र तोच असतो.

समुद्र कोणता, हा मुद्दा मात्र लोक विसरतात. ताज पूर्वेकडे, बंदराकडे पाहते: सूर्योदय, नांगरलेल्या होड्या आणि समोर घारापुरी. नवी मुंबईकरांसाठी तो जवळजवळ आपलाच किनारा पलीकडून पाहण्याचा प्रकार आहे, आणि कित्येकांना त्याचेच अप्रूप वाटते. ओबेरॉयपुढे बॅक बे, मरीन ड्राइव्हचे वळण, मलबार हिल आणि सूर्यास्त आहे. पावसाळ्यात माझे मत ओबेरॉयच्या बाजूने झुकते, कारण भरतीच्या लाटा खोलीतून पाहता येतात. कोरड्या ऋतूत सकाळच्या लाँचने घारापुरीला जायचे असेल तर ताज सोयीचे आहे. लेणी सोमवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे.

प्रवासाने निवड फारशी बदलत नाही. उलवे-पनवेलकडून 2024 मध्ये सुरू झालेल्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूने शिवडीला येऊन पूर्व मुक्त मार्ग धरावा. ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने त्याच मुक्त मार्गावर येता येते. लोकलने आल्यास दोन्ही हॉटेलांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून टॅक्सी करावी. खर्चात 7,500 रुपयांहून अधिक दराच्या खोलीवरील 18 टक्के जीएसटी धरण्यास विसरू नये.

आईवडिलांचे लग्न, स्वागतसमारंभ किंवा तरुणपणीचा एखादा चहा ताजशी जोडलेला असेल, तर पॅलेसच घ्यावे आणि आरक्षण करताना ‘पॅलेस’ व ‘समुद्राभिमुख’ या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लेखी मागाव्यात, कारण यादीत सर्वांत कमी दिसणारा दर बहुधा टॉवरमधील शहराकडच्या खोलीचा असतो. तेवढा खर्च झेपणार नसेल, तर मुक्काम ट्रायडेंटमध्ये करून दुपारचा चहा सी लाउंजमध्ये जागा आधी राखून घ्यावा. टॉवरमधील शहराकडच्या खोलीपेक्षा ही विभागणी मला अधिक पसंत आहे.