‘फेका आणि विसरा’ गवत बियाणं: बरडावर चालतं का?

चार गवतांचं मिश्रण, पाच किलोची पिशवी, वर चितळाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘ना नांगरणी, ना वखरणी, फेका आणि विसरा’. नागपुरात हे बियाणं घेणारे बहुतेक जण शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) किंवा पडीत बरडावर, म्हणजे उथळ मुरमाड जमिनीवर, ससा, तित्तिर, लावा, मुनिया यांना आसरा व्हावा म्हणून घेतात. पिशवीवरच्या दाव्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. ‘विसरा’ हा शब्द मात्र खोटा आहे, आणि त्याच्यावर विसंबल्यामुळेच गवत जातं.

आधी नांगरणीचं. आपल्याकडच्या पडीत जमिनीत तरोटा (टाकळा), गाजर गवत आणि रानतुळस यांचं बी वर्षानुवर्षं साचलेलं असतं. नांगर फिरला की ते सगळं वर येतं आणि पहिल्या पावसात एकदम उगवतं. शिवाय उतारावरचा मोकळा झालेला मुरूम जुलैच्या झडीत वाहून नाल्यात जातो. त्यामुळे नांगरू नका हा सल्ला बरोबर आहे, आणि तो छापल्याबद्दल कंपनीला पूर्ण गुण.

पण पैसे देण्याआधी जमीन पाहा. चार-पाच पावलांत कुसळी किंवा शेडा या स्थानिक गवतांचा एखादा तरी जुना थोंब (झुबका) दिसत असेल तर बियाणं घेऊच नका. चराई बंद करा, रायमुनिया (घाणेरीचं झुडूप) काढा, दोन पावसाळे थांबा. जिवंत मुळं आणि जमिनीत पडलेलं बी यांच्यावरच ते गवत परत येतं. रायमुनिया वरून छाटून भागत नाही, ती दुप्पट फुटते. मुळाच्या मानेखाली तीनेक सेंटीमीटरवर कुदळीने तोडून झुडूप उलटं टाकायचं.

आता पिशवीत काय आहे ते. लेबलवर शेडा, पवना, मारवेल आणि कुसळी ही नावं आहेत. निवड चांगली आहे. ही मुख्यतः बहुवर्षायू, थोंब करून वाढणारी गवतं आहेत. दोन थोंबांच्या मधे मोकळी जागा राहते, त्या जागेतून तित्तिराची पिल्लं पळतात आणि वरच्या पानांखाली लपतात. नेपिअरसारखं दाट, उंच वैरणीचं गवत गुरांना चालतं, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला त्यात पाय टाकायला जागा नसते.

अडचण प्रमाणाची आहे. कोणतीही जमीन असो, पिशवी एकच. शेडा आणि कुसळी उथळ, निचऱ्याच्या बरडावर जमतात. मारवेलला काळी, ओल धरणारी जमीन मानवते. म्हणजे बरडावर मारवेलचं बरंचसं बी वाया जाणार आणि काळ्या जमिनीवर कुसळीचं. सुटी बियाणी देणारा विक्रेता सापडला तर तो केव्हाही बरा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मिश्रण कागदावर पसरलं की मधे चपटे, टोकाला आकडा असलेले दाणे दिसतात. हा स्टायलो. परदेशातून आणलेलं शेंगवर्गीय वैरण पीक. चाऱ्यासाठी ते चांगलंच आहे, पण ‘स्थानिक गवत’ म्हणून विकलेल्या पिशवीत त्याला जागा नाही, आणि लेबलवर त्याचं नावही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. पाच किलोची पिशवी म्हणजे पाच किलो बी नव्हे. शेड्याची कणसं घेऊन बोटांनी उकला. कणिशका, म्हणजे कणसावरची दाणा धरणारी छोटी टरफलं, जोडीजोडीने असतात: एक बिनदेठाची, लांब कुसळाची, आणि दुसरी देठाची, चपटी. दाणा धरतो तो फक्त बिनदेठाच्या कणिशकेत, आणि तोही दर वेळी नाही. नखाने दाबा. कडक लागलं तर दाणा आहे, मऊ दबलं तर फोलपट. लेबलवर शुद्धता (वजनात खरं बी किती) 40 टक्के आणि उगवण 30 टक्के असेल तर जिवंत बी 12 टक्केच, म्हणजे पाच किलोत 600 ग्रॅम. या पिशवीवर उगवणीचा आकडा आहे, शुद्धतेचा नाही. मग किलोच्या भावाची तुलना करणार कशी?

घरी तपासणं सोपं आहे. भरलेल्या 100 कणिशका ओल्या गोणपाटाच्या घडीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका आणि तीन आठवडे थांबा. काढणीचा महिनाही विचारा. ही गवतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतात, आणि ताजं बी काही महिने सुप्तावस्थेत असतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात काढलेलं बी या जूनसाठी योग्य. त्याहून दोन-तीन वर्षं जुनं असेल तर घेऊ नका.

पिशवीवर एकरी दोन किलो लिहिलंय. तयार केलेल्या जमिनीवर, स्वच्छ बियाण्याला ते पुरेल. न नांगरलेल्या जमिनीवर निम्मं बी काडीकचऱ्यावरच अडकतं, मुंग्या नेतात, वारा नेतो. तिथे चार ते पाच किलो धरा, म्हणजे जवळपास आख्खी पिशवी एका एकराला. नांगरणीचे वाचलेले पैसे बियाण्यात जातात, हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही.

पेरणी अशी करा. मे अखेरीस उभी वाढ जमिनीलगत कापून बाहेर काढा, जाळू नका. दाताळ्याने किंवा बाभळीची काटेरी फांदी ओढून वरचा अर्धा सेंटीमीटर थर खरवडा, बस. कुसळं एकमेकांत गुंततात, त्यामुळे नुसतं बी हातातून गोळ्यागोळ्यांनी पडतं. ओलसर वाळूत कालवलं की सुटं होतं. अर्धं बी उभं फेका, अर्धं आडवं. मग त्यावरून शेळ्यांचा कळप एकदाच फिरवा, खुरांनी बी मातीला चिकटतं. खोल गाडू नका, एक सेंटीमीटरच्या खाली गेलेलं बी वर येत नाही. कुसळीला तर तेवढीही मदत लागत नाही. तिचं एक बी ओल्या तळहातावर ठेवून पाहा, ओल लागताच पिळलेलं कुसळ उलगडत गोल फिरतं आणि टोकदार बूड कातडीत रुतायला लागतं. मातीतही ते असंच आत शिरतं.

धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करायची असेल तर गोळ्या करा: बी एक भाग, चाळलेली चिकणमाती तीन भाग, शेणखत एक, वाळू एक. वाटाण्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवा. सुटं बी मात्र मृगातल्या एखाद्या सरीवर भुलून टाकू नका. त्यानंतर आठ दिवसांची उघाड पडली की कोंब करपतात. दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खाली गेली की टाका, मग ते आर्द्रात असलं तरी चालेल.

आणि आता ‘विसरा’. पहिल्या वर्षी ही गवतं मुळं करतात, वर बोटभर-वीतभरच दिसतात. तरोटा तेवढ्यात कमरेला येतो आणि त्याच्या सावलीत रोप मरतं. जुलैच्या शेवटी एकदा आणि तरोट्याला शेंगा धरण्याआधी, ऑगस्टअखेर दुसऱ्यांदा कापणी हवी. विळा किंवा ब्रश कटर जमिनीपासून वीतभर वर धरा, म्हणजे तण कापलं जातं आणि गवताचं रोप वाचतं. गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा. युरिया अजिबात नको, त्याचा फायदा आधी तणाला होतो. पहिलं वर्षभर गुरं आत सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून बी झडल्यावर, डिसेंबरात गवत कापून न्या, आणि तेही एका वर्षी अर्धंच. उन्हाळ्यात लपायला उरलेला अर्धा भाग लागतो.

उतार जास्त असेल तर बियाणं सोडा आणि मारवेलचे मुळासकट ठोंब समपातळी ओळींवर लावा. 50 सेंटीमीटरवर लावले तर एकरी 16,000 ठोंब लागतात. मजुरी जड जाते, पण वाहून काही जात नाही.

गवतांच्या निवडीला पाचपैकी चार, बियाण्याच्या दर्जाला दोन, लेबलला एक. पुढची पिशवी घेताना दुकानातच चिमूटभर मिश्रण कागदावर पसरा आणि दहा कणिशका नखाने दाबून पाहा. दहापैकी चारसुद्धा भरलेल्या निघाल्या नाहीत तर परत ठेवा.