थेंबाला चार हजार

गेल्या श्रावणातली गोष्ट. डोंबिवलीला औषधाच्या दुकानाबाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो. तिशीतला एक मुलगा जवळ आला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "काका, तुम्ही खेळायचात ना? चालण्यावरून कळतं."

झालं! इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लालबाग-परळच्या मातीवर मी कबड्डी खेळलो, डावा कोपरा सांभाळला, नोकरीसुद्धा त्या जोरावर लागली. १९९१ साली एका सामन्यात चढाईपटूचा घोटा माझ्या हातात आला आणि आमचाच गडी माझ्या उजव्या गुडघ्यावर आडवा पडला. आतली गादी फाटली, ऑपरेशन करून काढून टाकली. चार महिन्यांत मी पुन्हा मैदानात! हे सगळं मी त्या अनोळखी पोराला फुटपाथवर उभ्या उभ्या सांगितलं. त्याला विचारावंच लागलं नाही.

"माझ्या वडिलांचंही असंच होतं. काठी घेऊन चालायचे, आता संकष्टीला टिटवाळ्याला चालत जातात," तो म्हणाला. एक नंबर दिला, रिक्षा थांबवून दिली, एक पैसा मागितला नाही. पैसे मागणारा माणूस वेगळा असतो, हे मला तेव्हा कुठे माहीत!

फोनवर कळलं, वैद्य फक्त रविवारपर्यंत कल्याणला आहेत, पण खेळाडू म्हणून घरी येतील. आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, सोबत 'भाचा'. आमच्याच स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी मागून घेतली. गुडघ्याला तेल चोळलं, ब्लेडने दोन बारीक चिरा दिल्या, त्यावर नरसाळ्यासारखी पितळी नळी ठेवली आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढलं. नळी वाटीत झटकली, तर पिवळा चिकट थेंब. "हा बघा पू. मार लागलेल्या गुडघ्यात साचतोच."

बायकोने दर विचारला. थेंबाला चार हजार. "दोन-चार निघतील, ताई." सात झाल्यावर मी थांबा म्हणालो, तर वैद्य गंभीर झाले. "अर्धवट सोडलं तर पू रक्तात जाईल." भाचा वहीत रेघा ओढत होता. एकतीस रेघा. एक लाख चोवीस हजार! खेळाडू म्हणून वरचे चोवीस हजार सोडले. घरात अठरा होते. उरलेल्या ब्याऐंशीसाठी भाच्याने मला स्कूटरवर बँकेत नेलं, चेक नको म्हणाला. खिडकीवरची ओळखीची बाई म्हणाली, "काका, एवढी कॅश?" मी सांगितलं, घराचं काम काढलंय. खोटं का बोललो? आतून कुठेतरी कळत होतं म्हणूनच.

खरं सांगायचं तर त्या रात्री गुडघा हलका वाटला. तेल चोळलं होतं, पैसे मोजले होते, वाटणारच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने वाटी आणि पुसलेलं फडकं साबणाने धुवायला घेतलं. पिवळा डाग लालभडक झाला. ती फडकं घेऊन बाहेर आली. "अहो, ही हळद आहे."

चौथ्या दिवशी चिरा सुजल्या तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे लावून दाखवला. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला दोन हाडांमधली फट जवळजवळ संपलेली. गादी काढली की सगळा भार कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर येतो, कूर्चेला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे झिजली की ती पहिल्यासारखी भरून येत नाही. यात पू कुठून येणार? कधीकधी सांध्यात पाणी होतं, तेही दवाखान्यात निर्जंतुक सुईने काढतात. खरंच पू झाला तर गुडघा लाल, गरम होतो, ताप येतो, पाय टेकवत नाही, आणि तेव्हा तातडीने रुग्णालय गाठायचं असतं. मग त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्या ब्लेडपायी कावीळ बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री लाख रुपयांपेक्षा जड गेल्या.

पोलिसांत मात्र एकोणीस दिवसांनी गेलो. लाज. पोरांना काय सांगू, हळदीचे लाख रुपये दिले? हवालदार चांगला होता, पहिलाच प्रश्न सोसायटीच्या कॅमेऱ्याचा. आमच्याकडे चित्रण पंधरा दिवसच राहतं. नंबर तर केव्हाच बंद झालेला. तुमच्याकडून फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. माझी रोकड होती, तोही मार्ग नाही.

आता रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचे व्यायाम करतो, सहा किलो वजन उतरवलंय. जिना अजून धरूनच उतरतो.

दिवाळीनंतर जुने खेळाडू जमलो, तेव्हा धीर करून हे सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, आणि हसलेही. एक जण हसला नाही. आमचा सगळ्यात चपळ चढाईपटू, पट काढायला गेलं तर हातातून निसटणारा. त्याने मला बाजूला बोलावलं, पँट गुडघ्यापर्यंत सरकवली आणि दोन बारीक व्रण दाखवले. "माझे तेवीस थेंब," म्हणाला. "घरी अजून कुणाला माहीत नाही."